सायकलवरचा चहा



या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली ही प्रथा सुरू केली. तेव्हापासून व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागे बसून ऐकावे, असाच रिवाज चालत आला आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, कारखान्यांच्या फाटकांवर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा भाषेत कोठे उणे दिसले तर ते आमचे समजा. विषय मात्र उणा समजू नका.

चालकांनी विषय विचारला. आम्ही म्हणालो, "सायकलवरचा चहा." ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी अदबीने विचारले, "भाऊ, म्हणजे चहावर बोलणार की सायकलवर?" आम्ही सांगितले की दोन्ही घेऊन जो माणूस चालला आहे त्याच्यावर बोलू. गेली तीस वर्षे आम्ही कामगारांच्या वेतनावर, बोनसवर, ठेकेदारीवर बोलत आलो. परंतु आमच्या आयुष्याचा आरंभ जेथून झाला त्या गोष्टीवर कधी बोललो नाही. ती गोष्ट या भागातली आहे, म्हणून ती येथेच बोलावी असे वाटले.

आपण सर्वांनी हे दृश्य पाहिले आहे. सायकलच्या मुठीला किटली अडकवलेली, दुसऱ्या बाजूला तारेच्या जाळीत सहा पेले, आणि गर्दीतून घंटी वाजवीत जाणारा पोरगा. मोठ्या शहरात त्याचे रूप थोडे निराळे असते. मागच्या कॅरिअरवर नळ असलेला स्टीलचा डबा, पुढे पेल्यांची पिशवी आणि बिस्किटांची बरणी. मुंबईत मध्यरात्री उपाहारगृहे बंद झाल्यावर हा सायकलवाला फिरू लागतो. टॅक्सीवाले, पहारेकरी, इस्पितळाबाहेर बसलेले नातेवाईक, पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरवणारे लोक हे त्याचे गिऱ्हाईक. शहर झोपले असे आपण म्हणतो, तेव्हा जे झोपलेले नसतात त्यांना जागे ठेवण्याचे काम हा माणूस करतो.

आता पहिला प्रश्न असा की, चहा सांडत कसा नाही? आपल्याला हे सोपे वाटते. भरलेली कपबशी हातात धरून दहा पावले चाला म्हणजे कळेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा येथील विद्यापीठात रूस्लान क्रेचेत्निकोव्ह आणि हान्स मेयर या दोघांनी याच प्रश्नाचा अभ्यास केला आणि २०१२ साली तो प्रसिद्ध केला. पेल्यातल्या पातळ पदार्थाला स्वतःचा एक हेलकावा असतो. नेहमीच्या पेल्यात हा हेलकावा आणि माणसाच्या चालण्याचा ठेका एकमेकांच्या जवळपास येतात. झोपाळ्याला वेळेवर धक्का दिला की तो उंच उंच जातो, तसेच हे आहे. पाऊल पडते, चहाला धक्का बसतो, आणि सात-दहा पावलांत तो काठाबाहेर येतो. या अभ्यासाला त्या वर्षीचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. आधी हसवावे आणि मग विचार करायला लावावे, अशा संशोधनाला ते पारितोषिक देतात.

परंतु आमच्या किटलीवाल्याने याचे उत्तर कोणतेही विद्यापीठ न पाहता काढलेले आहे. तो पेला हातात धरत नाही, टांगतो. कडी असलेल्या जाळीत पेले ठेवले आणि जाळी वरून धरली की ती लंबकासारखी डोलते. सायकल वळली की जाळीही कलते, आणि आतला चहा पेल्याच्या तळाशी इमान राखून राहतो. तुर्कस्तानात चहा पोहोचवणारी मुले अशीच तीन दांड्यांची टांगती थाळी वापरतात. एक इस्तंबूलचा, एक मेहकरच्या बाजाराचा. दोघांची भेट कधी झाली नाही, पण दोघांच्या हाताला एकच विद्या आली. विद्या हातातही असते, एवढे आजच्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

मात्र या विद्येला एक मर्यादा आहे. सायकलच्या मुठीला अडकवलेली किटली डोलते तेव्हा ती मूठही ओढते. रस्ता सपाट असेल तर ठीक. खड्डा आला, बैल आडवा गेला, मागून मालट्रकने भोंगा दिला, तर चहा सांभाळावा की सायकल, असा प्रसंग येतो. आणि दोन्ही सांभाळण्याइतके हात परमेश्वराने माणसाला दिलेले नाहीत.

आमच्यावर तो प्रसंग आला तेव्हा आमचे वय बारा वर्षांचे होते. सन १९८२ चा हिवाळा. वडील सालदार होते, घरात खाणारी तोंडे सहा. आम्ही हमरस्त्यावरच्या एका हाटेलात चहा पोहोचवण्याच्या कामावर होतो. सायकल बावीस इंची. सीटवर बसून पाय पोहोचत नसत, म्हणून कैची मारून, म्हणजे नळीखालून पाय घालून, ती हाकायची. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना चालू होती. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना खरेदी केंद्रापुढची बैलगाड्यांची रांग आठवत असेल. दोन दोन दिवस, कधी त्याहून अधिक, गाड्या सुटत नसत. शेतकरी आपल्याच कापसावर झोपत, थंडीत कुडकुडत. त्या रांगेला रात्री चहा पोहोचवणे हे आमचे काम.

त्या रात्री समोरून मालट्रक आला. त्याच्या दिव्यांनी आमचे डोळे दिपले. चाक रस्त्यावरून खाली उतरले आणि आम्ही किटलीसकट आडवे झालो. चुलीवरून नुकताच उतरवलेला चहा उजव्या मांडीवर सांडला. खरे सांगतो, पहिला विचार मांडीचा आला नाही, पेल्यांचा आला. सहा पेले फुटले होते. मालक काय म्हणेल, ही भीती आधी, आणि आग नंतर.

रांगेतल्या एका गाडीवरून एक म्हातारे शेतकरी उडी मारून आले. त्यांनी गाडीला बांधलेली छागळ सोडली आणि आमच्या मांडीवर पाण्याची धार धरली. कोणी म्हणाले शाई लावा, कोणी म्हणाले तेल लावा. त्यांनी कोणाचे ऐकले नाही. "अबे पोट्ट्या, हालू नको. पानी पडू दे," एवढेच ते म्हणत राहिले. एक छागळ संपली, दुसऱ्या गाडीची मागवली. मग त्यांनी गाडीजवळ तीन दगडांच्या चुलीवर गुळाचा कोरा चहा ठेवला, आम्हांला धुरेवर बसवले आणि बशी हातात दिली. म्हणाले, "रोज चहा वाहून राह्यला नं बापा, पन कधी बसून पेला काय?"

आम्ही विचार केला. खरेच, नव्हता प्यालो. हाटेलात उभ्याने, रस्त्यात सायकल एका हाताने धरून, कधी चालत्या सायकलवरच किटलीच्या झाकणातून घोट घेतलेला. बसून कधीच नाही. त्या रात्री धुरेवर बसून प्यालेला तो कोरा चहा आम्ही आजवर विसरलो नाही. त्या बाबांचे नाव आम्ही विचारले नाही. बारा वर्षांच्या पोराला तेवढे सुचत नाही. आठवड्याच्या अखेरीस मालकाने पेल्यांची आणि सांडलेल्या चहाची किंमत मजुरीतून कापून घेतली. मांडीवरचा डाग मात्र आमच्याच खात्यावर राहिला.

पुढे वाचनाचा नाद लागल्यावर आम्ही भाजण्याविषयी जे मिळेल ते वाचले. तेव्हा कळले की त्या निरक्षर म्हाताऱ्याने जे केले तेच आज वैद्यकशास्त्र सांगते. म्हणून बालमित्रांनो, एवढे तरी येथून घेऊन जा. साठ अंश उष्णतेचे पाणी अंगावर पाच सेकंद राहिले तर खोल भाजते. सत्तर अंशांचे एका सेकंदात. मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो. चुलीवरून उतरवलेला चहा यापेक्षा कितीतरी अधिक कढत असतो. तेव्हा कोणी भाजले तर भिजलेला कपडा लगेच बाजूला करावा. कातडीला चिकटला असेल तर ओढू नये. वाहते गार पाणी वीस मिनिटे धरावे. बर्फ नको, शाई नको, दातांची पेस्ट नको, हळद आणि तूपही नको. मग स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. आणि पिणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवतो. पासष्ट अंशांपेक्षा कढत पेये नेहमी पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली सांगितले. म्हणजे घाईने ओतून घेतलेला चहा वाहणाऱ्यालाही वाईट आणि पिणाऱ्यालाही वाईट. बशीत ओतून, फुंकून, निवांत पिणारी आपली आजी शहाणीच म्हणायची.

आता दुसरा प्रश्न. चहा माणसाकडे सायकलवर बसून का येतो? माणूस चहाकडे का जात नाही? याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा आम्हांस चहाचा इतिहास वाचावा लागला.

आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम १८३९ साली विकला गेला. त्यानंतर कित्येक वर्षे हा माल परदेशी जाण्यासाठी पिकत होता. येथल्या माणसाने तो प्यावा म्हणून मळेवाल्यांनी मुद्दाम प्रचार केला. १९०३ साली चहावर खास उपकर बसवून त्या पैशातून प्रचाराची सोय झाली. घरोघर जाऊन चहा कसा करावा ते दाखवणारी माणसे नेमली गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या यांमध्ये चहाचे गाळे उघडले गेले. कारण काय? कामगारावर दया? नव्हे. थकलेल्या माणसाला चहा दिला की तो पुन्हा यंत्रापुढे उभा राहतो, हे धनिकांच्या ध्यानात आले होते. पुढे १९३० च्या सुमारास आसामात मॅकर्चर नावाच्या साहेबाने पान चुरून, फाडून, वळवण्याचे यंत्र काढले. त्या दाणेदार चहाला चिमूटभरात रंग येऊ लागला. दूध, साखर घालून तो स्वस्तात विकता येऊ लागला आणि गरिबाच्या घरात कायमचा आला. त्या मळ्यांत पाठीवर टोपली घेऊन पाने खुडणाऱ्या बाया आजही आपल्यापेक्षा कमी गोडीचा चहा पितात, हेही विसरू नये.

म्हणजे गिरणीत चहा आला तो मालकाच्या सोयीने. पण चहासाठी थांबणे, बसणे, ते कोणी दिले? त्यासाठी आपल्याला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे जावे लागते. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आठवड्याची सुटी नव्हती. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, हजारो सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला एक दिवस सुटी आणि दुपारी अर्धा तास विसावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सहा वर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. १८९१ च्या कायद्यात दुपारचा अर्धा तासही आला. आज रविवारी जो माणूस आरामखुर्चीत बसून चहा घेतो, त्याच्या कपातला निवांतपणा लोखंड्यांनी मिळवलेला आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची सोय करायला लावली. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेने घेतली. परंतु सकाळ-दुपारच्या चहाची जी आठ-दहा मिनिटे असतात, ती बहुतेक ठिकाणी कायद्याने नव्हे, तर करारांनी आणि वहिवाटीने मिळालेली आहेत. वहिवाट मोडायला वेळ लागत नाही.

यासंबंधी आमचा एक अनुभव सांगतो. शहराचे आणि कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या कामगारांची संघटना आम्ही बांधत होतो. त्यांना चहाची सुटी नव्हती. आम्ही दहा मिनिटे मागितली. व्यवस्थापनाने मोठ्या उदारपणे उत्तर दिले, "सुटी कशाला? चहा आम्ही फुकट देतो, यंत्रापाशी आणून देतो." पुष्कळ कामगारांना ते पटले. फुकटचा चहा, तोही जागेवर. सभेत आम्हांस विचारले गेले, "भाऊ, नाही कशाला म्हणायचे?" आम्ही त्यांना धुरेवरच्या चहाची गोष्ट सांगितली. एका हाताने यंत्र आणि दुसऱ्या हाताने पेला धरून घेतलेला चहा हा चहा नव्हे, ते इंधन आहे. गाडीत पेट्रोल घालतात तसे. आपल्याला चहा नको आहे, बसायचे आहे. सभेने ऐकले. एकवीस दिवस काम बंद राहिले. शेवटी दहाऐवजी सात मिनिटांवर तडजोड झाली. पुढाऱ्याने हार लपवू नये, म्हणून आकडा सांगितला. पण ती सात मिनिटे कामगार फाटकाबाहेर झाडाखाली बसून चहा घेत, आणि आम्हांस ते पाहून भरून येई.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना आमचा स्वर जड होतो. त्या झाडाखाली चहा आणणारा कोण होता? सायकलवर किटली अडकवून येणारा, बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा. सात मिनिटांत साठ माणसांना चहा द्यायचा, म्हणून तो वेगाने यायचा. सुटी सात मिनिटांची झाली म्हणून त्याचा वेग वाढला, हे आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही त्याला "ए छोटू" म्हणायचो. आम्ही, ज्यांच्या मांडीवर डाग आहे ते! एके दिवशी वळणावर वाळू पसरली होती. तो घसरला. किटली अंगावर आली. हात कोपरापर्यंत भाजला. आम्ही पाणी धरले, रिक्षात घालून इस्पितळात नेले. तेथे कागद भरताना बाईंनी विचारले, "नाव काय याचे?" साठ कामगारांत एकालाही त्याचे नाव ठाऊक नव्हते. आम्हांलाही नव्हते. विश्रांतीच्या हक्कावर एकवीस दिवस भाषणे केलेल्या माणसाला, विश्रांती वाहून आणणाऱ्या मुलाचे नाव माहीत नव्हते.

कामगारांनी वर्गणी काढली, औषधपाणी झाले. हात वाचला, पण बोटे पूर्वीसारखी मिटेनात. पुढे त्याचे वडील येऊन त्याला गावी घेऊन गेले. त्यानंतर संघटनेने एक ठराव केला की, चौदा वर्षांखालच्या मुलाने आणलेला चहा कोणी घ्यायचा नाही. आणि चहा फाटकावर येण्याऐवजी आपण टपरीपर्यंत जायचे. त्यासाठी पुन्हा भांडून तीन मिनिटे वाढवून घेतली. ती दहा मिनिटे पुरी झाली, पण एका मुलाच्या हाताची किंमत देऊन. चळवळीत आम्ही अनेक चुका केल्या. ही एक आम्हांस झोपू देत नाही.

हा विषय केवळ दयेचा नाही, कायद्याचाही आहे. बालकामगार प्रतिबंधाचा कायदा १९८६ चा. त्यात १० ऑक्टोबर २००६ पासून चहाची दुकाने, धाबे आणि घरकाम यांचा समावेश झाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास मनाई केली. अपवाद फक्त शाळेचा वेळ सोडून घरच्या कामाला हातभार लावण्याचा आणि काही अटींवर कलाक्षेत्राचा. म्हणजे आमच्या लहानपणी जे चालले ते आज गुन्हा आहे. मोठ्या माणसाने सायकलवर चहा विकणे हा मात्र त्याचा हक्क आहे. रस्त्यावर विकून पोट भरण्याला घटनेचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग यांच्या खटल्यात मान्य केले. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्यात फिरत्या विक्रेत्यालाही प्रमाणपत्र आहे आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत असे लिहिले आहे. पण एक गोम पाहा. हा कायदा महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत यांच्या हद्दीत लागू होतो. ज्या डोणगावात ग्रामपंचायत आहे, तेथल्या सायकलवाल्याला तो लागू नाही. गावातला विक्रेता पोलिसाच्या आणि सरपंचाच्या मर्जीवर. हे बदलावे, असा ठराव ग्रामसभेने करून वर पाठवावा, अशी आमची सूचना आहे.

आता कोणी म्हणेल की, चालत्या सायकलवर चहा पिणारे थोर लोकही असतात. असतात. इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत, १९८८ सालच्या ५ जून रोजी, गाविया नावाच्या उंच घाटावर हिमवर्षाव झाला. शर्यतपटू बर्फाने गोठू लागले. त्या दिवशी पुढे सरकलेल्या अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन सायकलपटूसाठी त्याच्या संघाने उबदार कपडे आणि गरम चहा रस्त्यात तयार ठेवला होता. पुढे ती शर्यत त्यानेच जिंकली. आम्ही हे वाचले तेव्हा आनंद झाला. पण त्याच्यासाठी घाटात माणसे उभी होती, मागे मोटार होती, डॉक्टर होता. आमच्या पोराच्या मागे काय होते? मालकाचा हिशेब. चालत्या सायकलवर चहा पिणे ही त्या शर्यतवीराची एका दिवसाची गरज होती. ती गरिबाची रोजची रीत होऊ नये.

आणि ती होऊ लागली आहे, म्हणून आज हे बोलतो. आपल्या डोणगावाजवळचा जुना नागपूर-मुंबई मार्ग आपण पाहतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग सुरू झाला. तो आपल्याच मेहकर तालुक्यातून जातो. त्यावर सायकलीला मज्जाव आहे. जे मालट्रक पूर्वी हमरस्त्यावरच्या हाटेलापुढे थांबत, त्यांतले पुष्कळ आता वरच्यावर निघून जातात. थांबणे कमी झाले. शहरात पाहा, घरपोच माल पोहोचवणारे तरुण, पाठीवर पेटी, एका हाताने गाडीची मूठ, दुसऱ्या हातात कागदी पेला. सिग्नल लाल असेल तेवढ्यात दोन घोट, हिरवा झाला की पेला हातात तसाच. त्यांना थांबू नका असे कोणी तोंडाने सांगत नाही. खिशातले यंत्रच मिनिटे मोजते. त्या तरुणांत आपल्या बुलढाणा जिल्ह्याचीही मुले आहेत. सोयाबीनला भाव नाही म्हणून गेलेली. ते सुटीला घरी येतील तेव्हा आईबापांनी त्यांना पगार किती हे जरूर विचारावे, पण त्याबरोबर हेही विचारावे, "बाबू, चहा बसून पितोस का?"

त्या कागदी पेल्याविषयीही एक शब्द. पाणी झिरपू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आय.आय.टी. संस्थेतील संशोधकांनी २०२० साली दाखवले की, अशा पेल्यात शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे ठेवले तर प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. काचेचा पेला जड, फुटणारा, धुवावा लागणारा. पण तो पिणाऱ्याला एका जागी थांबवतो, कारण तो परत द्यायचा असतो. आम्हांस काचेचा पेला आवडतो तो त्यासाठीही.

जे सायकलवर चहा विकतात त्यांना चार गोष्टी अनुभवाने सांगतो. किटली मुठीला अडकवू नका. वजन मागच्या कॅरिअरवर, जितके खाली ठेवता येईल तितके खाली, पट्ट्याने आवळून ठेवा. झाकण फिरकीचे असू द्या. थर्मास परवडत असेल तर तो उत्तम. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली दोन भिंतींच्या मधली हवा काढून टाकलेले भांडे बनवले. ते त्याने अतिशय थंड वायू साठवण्यासाठी बनवले होते. त्यात चहा गरम राहतो हे व्यापाऱ्यांनी नंतर ओळखले. आजचे स्टीलचे थर्मास पडले तरी फुटत नाहीत. आणि चौथी गोष्ट, अर्धा लिटर गार पाणी नेहमी बरोबर बाळगा. त्या बाबांची छागळ आमच्या नशिबाने तेथे होती; नशिबावर किती दिवस विसंबावे?

एवढ्या पैशांचा थर्मास गरिबाने कोठून आणावा, असे कोणी विचारील. लोकमान्यांच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. माणशी एका पैशातून ज्या महाराष्ट्राने काचेचा कारखाना काढला, त्यातल्या एका गावाला आपल्या दोन-तीन सायकलवाल्यांना चांगला थर्मास आणि घट्ट कॅरिअर घेऊन देता येणार नाही, हे आम्ही मानणार नाही. आजच्या व्याख्यानाचे मानधन आम्ही त्या कामी चालकांकडे ठेवून जातो. बाकीचे आपण पाहावे.

आता समारोप. चालकांनी आम्हांस आधीच बजावले आहे की, व्याख्यानानंतर सर्वांसाठी चहा आहे. मघापासून मंडपाच्या दाराशी एक गृहस्थ सायकल लावून, मागच्या डब्याला हात टेकून उभे आहेत. दोन तास ते उभेच आहेत. आम्ही त्यांना येण्यापूर्वी नाव विचारून घेतले आहे, पण सभेत ते सांगून त्यांना संकोचात टाकत नाही. आपणच जाऊन विचारावे. आमची आपणांस एवढीच विनंती आहे की, कोणी तरी उठून त्यांना आपली खुर्ची द्यावी, पहिला पेला त्यांना भरावा, आणि तो त्यांचा पिऊन होईपर्यंत आपण सर्वांनी थांबावे.